तुकोबांना यंत्राबद्दल विचारताना : पहिला काल्पनिक संवाद कसा लिहावा

जुन्या लेखकाला समोर बसवून आजचा प्रश्न विचारायचा आणि दोघांचं बोलणं लिहून काढायचं, हा प्रकार फार जुना आहे. दुसऱ्या शतकात ल्युशियन या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लेखकाने मेलेल्यांना एकमेकांशी बोलायला लावलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सवालजवाबांत. आज मजकूर लिहून देणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि ‘आपण बोलतो त्यातलं आपलं किती?’ हा प्रश्न त्याने घरोघरी नेऊन ठेवला आहे. अशा वेळी हा प्रकार पुन्हा हाताशी घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी असा संवाद कधीच लिहिलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. कॉलेजातली मुलं, वाचनकट्ट्यावर काहीतरी वेगळं करू पाहणारे लोक, भाषेचे शिक्षक, कुणीही. उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे : संत तुकाराम आणि मजकूर लिहिणारं यंत्र.

एक अट आधीच सांगतो. ज्याला बोलावता त्याने तुमचं मत मोडायला हवं, निदान वाकवायला हवं. तुकोबांच्या तोंडून तुमचंच मत वदवायचं असेल तर सरळ लेख लिहा, तो जास्त प्रामाणिक होईल. संवादाचे कष्ट घ्यायचे ते समोरच्याकडे आपल्याला न सुचलेलं काहीतरी असतं म्हणून. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका अटीसाठी आहेत.

पायरी १ : प्रश्न एकच, आणि तो कुणालातरी टोचणारा

‘तंत्रज्ञान : शाप की वरदान’ हा प्रश्न घेऊ नका. त्याची दोन्ही उत्तरं शाळेतल्या निबंधाच्या वहीत तयार असतात आणि त्या उत्तरांनी कुणाचंच काही बिघडत नाही. प्रश्न असा हवा की विचारणाऱ्याचं त्यात काहीतरी अडकलेलं असेल.

आपल्या उदाहरणासाठी एक प्रसंग कल्पू. हिंजवडीत काम करणारी एक तरुण बाई आहे. तिचे काका वारले. काकूला चार ओळी लिहायच्या होत्या, पण काही सुचेना, म्हणून तिने यंत्राकडून लिहून घेतल्या आणि पाठवल्या. काकूने त्या वहीत उतरवून देवघरात ठेवल्या आणि ती रोज वाचते. आता त्या ओळी खऱ्या की खोट्या? काकूचं रडणं तर खरं आहे.

प्रश्न असा प्रसंगात बसवला की संवाद हवेत जात नाही. दोघांपैकी कुणीही मोठमोठं बोलायला लागलं की तुम्ही त्याला काकूच्या देवघरापाशी परत आणू शकता.

पायरी २ : कुणाला बोलावायचं

तीन गोष्टी बघा. त्या माणसाचं स्वतःचं लिखाण भरपूर हाती असावं. तुमच्या प्रश्नाच्या जवळून त्याचं आयुष्य गेलेलं असावं. आणि तुम्ही त्याला पोस्टरवरच्या एका ओळीपलीकडे वाचलेलं असावं, किंवा वाचायची तयारी तरी असावी. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन कामाच्या नाहीत.

तुकोबा या तिन्हींत बसतात. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. शब्दांवर त्यांनी जितकं बोलून ठेवलंय तितकं आपल्या फार थोड्या कवींनी बोलून ठेवलं असेल. स्वतःचं लिखाण नदीत बुडवण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. आणि घरातलं मरण त्यांनी पाहिलं, तेही दुष्काळातलं.

हे मात्र विसरू नका की तुकोबा अनेकांसाठी वाङ्मयाचा विषय नाहीत. दरवर्षी देहूहून पालखी निघते, लाखो माणसं त्यांचं नाव घेत पंढरपूरला चालत जातात. ज्यांच्यासाठी ते दैवत आहेत त्यांच्यासमोर आपला संवाद वाचून दाखवता येईल का, असं सुरुवातीलाच स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर भीड हे कारण आहे की आपला आळस, तेही पाहा. बहुतेक वेळा वाचन अपुरं असतं म्हणून धीर होत नाही.

पायरी ३ : मूळ वाचा, आणि विरुद्ध जाणाऱ्या ओळी शोधा

निम्म्याहून अधिक वेळ या पायरीला द्या. इथे जे सापडेल तेच संवादात उतरतं. इथे घाई झाली तर पुढे कितीही चांगलं लिहिलं तरी ते तुमचंच स्वगत होतं.

गाथा शासनाने प्रसिद्ध केलेली आहे, विकिस्रोतावरही ती वाचता येते. वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, शब्दांतही फरक आढळतो. हस्तलिखित वह्यांवरून हे सगळं छापलं गेलं. मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ छापखान्यातून १८६९ पासून निघालेली गाथा ही त्या कामातली मोठी पायरी. म्हणून टिपण करताना क्रमांकावर विसंबू नका. अभंगाची पहिली ओळ पूर्ण लिहा आणि कोणती आवृत्ती वापरली तेही लिहा. जाता जाता हेही लक्षात घ्या, की ज्या तुकोबांना आपण यंत्राबद्दल विचारणार आहोत ते आपल्यापर्यंत आले त्यात वहीचा, छापखान्याचा आणि आता पडद्याचाही वाटा आहे.

सगळी गाथा वाचून मगच लिहायचं ठरवलंत तर कधीच लिहिणं होणार नाही. एका अभंगापासून सुरुवात करा : ‘याति शूद्र वैश्य केला वेवसाय’. यात तुकोबा आपलं आयुष्य स्वतः सांगतात. तो मोठ्याने वाचा, दोनदा वाचा, आणि त्यात प्रत्यक्ष काय आहे तेवढंच वहीत उतरवा. दुष्काळाने पैसा आटला, मान गेला. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ देऊळ भंगलं होतं ते नीट करावंसं वाटलं. मग ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां.’ मग कवित्वाची स्फूर्ती. मग निषेधाचा आघात, आणि ‘बुडविल्या वह्या बैसलों धरणें । केलें नारायणें समाधान.’

आता इथे थांबा. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. या अभंगात मात्र वह्या बुडवल्या, धरणं धरलं आणि नारायणाने समाधान केलं एवढंच आहे. कथा वापरायला हरकत नाही. मूळ शब्द कोणता आणि परंपरेने सांगितलेलं कोणतं हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक हवं. वहीत त्यासाठी दोन रंगांची शाई वापरा, पुढे फार उपयोगी पडते.

यानंतरचं काम मला सगळ्यांत आवडतं. आपल्या प्रश्नावर त्या लेखकाच्या अशा दोन जागा शोधायच्या की ज्या एकमेकींच्या उलट ओढतात.

यंत्राबद्दल तुकोबा काय म्हणतील, असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘अनुभवाशिवायचे शब्द पोकळ.’ याला आधारही लगेच मिळतो. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनीं वाहावा भार माथां’ या अभंगात पुढे येतं, ‘खादल्याची गोडी देखिल्यासी नाहीं । भार धन वाही मजुरीचें.’ ज्याने खाल्लं त्यालाच चव ठाऊक. हमाल डोक्यावर धन वाहतो, पण ते त्याचं नसतं. अगदी यंत्रासाठीच लिहिलंय असं वाटावं. इथे बरेच जण वही मिटतात आणि लिहायला बसतात.

तुम्ही मिटू नका. पुढे शोधलंत तर हा अभंग भेटतो : ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची ॥ साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाची.’ म्हणजे आपण ज्या शब्दांत यंत्राला नावं ठेवणार होतो, जवळपास त्याच शब्दांत तुकोबा स्वतःविषयी बोलतात. मी बोलत नाही, बोलवणारा दुसरा आहे, मी शिकवलेली साळुंकी. आणि ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें’ ही ओळ तर आपण आधीच वहीत उतरवून ठेवलेली आहे. म्हणजे यांनीही आधी दुसऱ्यांचे शब्दच घोकले होते.

आता सोपं उत्तर हातातून निसटलं, आणि इथून संवाद लिहिण्यासारखा झाला. ‘शब्द स्वतःचे नाहीत’ हा आरोप यंत्रावर ठेवला तर तुकोबा म्हणणार, तो माझ्यावरही आहे. मग फरक शोधायचा कुठे? पाठ करण्यात की ‘विश्वासें आदरें’ करण्यात? साळुंकीत की धन्यात? की ज्याच्या घरात अन्न अन्न करत माणूस गेलं त्याच्या जगण्यात? उत्तर आत्ता लिहू नका. दोन्ही ओळी वहीच्या समोरासमोरच्या पानांवर ठेवा आणि मधली जागा कोरी सोडा.

आणखी एक. लेखकाचा स्वभाव पकडण्यासाठी त्याचं रागावणं वाचा. आपल्या मनातले तुकोबा फार मऊ झालेले असतात, कॅलेंडरवरच्या चित्रासारखे. ‘माझे लेखीं देव मेला’ असं म्हणून विठोबाशी बोलणं तोडणारे तुकोबा वाचले की संवादातला त्यांचा आवाज आपोआप ताठ होतो. ते उपदेश करत बसणार नाहीत, उलटा प्रश्न टाकतील.

पायरी ४ : यंत्रही समजून घ्या

जुन्या लेखकाइतका आदर यंत्राच्या माहितीला द्या. आतून ते कसं चालतं याची ढोबळ कल्पना असली तरी पुरते : माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरातून ते शब्दांची संगत शिकतं, आणि दिलेल्या वाक्यापुढे कोणता तुकडा येण्याजोगा आहे याचा अंदाज बांधत एकेक तुकडा पुढे टाकतं. एवढं कळलं तरी ‘संगणकात सगळी उत्तरं भरून ठेवलेली असतात’ असली चुकीची वाक्यं तुमच्या पात्राच्या तोंडी येणार नाहीत.

इतिहासातली एक गोष्ट या विषयासाठी जरूर वाचा. जोसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञाने १९६६ साली ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम जाहीर केला. समोरचा जे लिहील त्यातलेच शब्द फिरवून तो प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. त्यांच्या ज्या सेक्रेटरीला हे पुरतं ठाऊक होतं, तिनेच त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. माणूस यंत्राच्या शब्दांत इतका का गुंततो, या प्रश्नाचा पुढे त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. काकूच्या देवघरातल्या वहीचा प्रश्न नवा नाही, हे यातून कळतं.

पायरी ५ : विचारणाऱ्याला दुबळं ठेवू नका

नवख्यांच्या संवादात विचारणारा नुसता माना डोलावतो. ‘खरंय महाराज’, ‘किती सुंदर सांगितलंत’. अशी वाक्यं दिसतील तिथे खोडा.

चांगला विचारणारा कसा असतो ते गांधीजींकडून शिकावं. ‘हिंद स्वराज्य’ त्यांनी १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर गुजरातीत लिहिलं. उजवा हात दुखायला लागला की डाव्या हाताने लिहीत. पुस्तक वाचक आणि संपादक यांच्या संवादाचं आहे, आणि रेल्वे, यंत्रं यांच्यावर त्यात कडक टीका आहे. पण त्यातला वाचक संपादकाला अडवतो : तुमचं हे म्हणणंही यंत्राच्याच मदतीने छापलं जाणार ना? संपादकाला उत्तर द्यावं लागतं की कधी कधी विषाने विष मारावं लागतं. उत्तर पटो न पटो, लेखकाने आपल्याच विरुद्धचा सर्वांत अवघड प्रश्न वाचकाच्या हाती दिला, हे महत्त्वाचं. तुमच्या कच्च्या खर्ड्यात असा निदान एक प्रश्न आहे का, ते शोधा.

प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्येही असंच आहे. सॉक्रेटिस एक गोष्ट सांगतो : थ्यूथ नावाचा देव लेखनविद्या घेऊन इजिप्तच्या थामुस राजाकडे येतो, म्हणतो याने लोकांची स्मृती वाढेल. राजा म्हणतो, उलट होईल, लोक आतून आठवणं सोडतील. गोष्ट संपताच ती ऐकणारा फीड्रस टोमणा मारतो, की इजिप्तच्या गोष्टी रचणं तुला किती सोपं जातं! सॉक्रेटिसला तो टोमणा झेलून पुढे जावं लागतं. लेखनाच्या विरोधातलं हे सगळं प्लेटोने लिहून ठेवलं म्हणूनच आज आपल्याला वाचता येतं, हेही वाचताना मनात राहू द्या.

पायरी ६ : भाषा आणि संबोधन

सतराव्या शतकातली मराठी लिहायला जाऊ नका. ती नाटकी होते आणि चुकाही होतात. तुकोबांना साध्या आजच्या मराठीत बोलू द्या, फक्त त्यांच्या काळात नसलेले शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. फारसी वळणाचे शब्द त्यांच्या तोंडी आले तर बिचकू नका. ते शब्द तेव्हाही मराठीत होते, आणि गाथेत दखनी हिंदीतल्या रचनाही आहेत.

यंत्राची ओळख त्यांच्या ओळखीच्या वस्तूंतून करून द्या : वही, पाठांतर, साळुंकी, मजुरीचं ओझं. ‘अल्गोरिदम’ हा शब्द बाईच्या तोंडी आला तर तुकोबांनी विचारावं, ‘म्हणजे काय?’ मग बाईला समजावून सांगावं लागेल. या समजावण्यातच पुष्कळदा संवादातलं सर्वांत चांगलं वाक्य सापडतं.

बाई त्यांना ‘महाराज’ म्हणेल, ‘तुम्ही’ म्हणेल. ते तिला ‘बाई’ म्हणतील आणि ‘तू’. यापेक्षा जास्त सजावट नको.

आणि एक नियम कडक पाळा : नवा अभंग रचून त्याला ‘तुका म्हणे’ जोडू नका. त्या दोन शब्दांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. तुमचा संवाद बाजूला राहील, ती ओळ फोनांवरून फिरत राहील आणि उद्या कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर छापून येईल. गाथेतली ओळ घ्यायची तर जशीच्या तशी घ्या. तुमचं म्हणणं त्यांच्या तोंडी घालायचं तर गद्यात घाला.

पायरी ७ : लिहा

पहिला संवाद आठशे ते हजार शब्दांचा पुरे. जागा एक, माणसं दोन. जागेचं वर्णन दोन ओळींत संपवा. भंडारा डोंगराचा चढ लिहीत बसलात तर प्रश्न मागे राहतो. एकेकाचं बोलणं सुरुवातीला तीन वाक्यांच्या आत ठेवा. यंत्राला पहिल्या संवादात पात्र करू नका, त्याच्याबद्दल दोन माणसांना बोलू द्या.

मधला एक तुकडा नमुन्याला देतो.

ती : महाराज, मी पाठवलेल्या ओळींतला एक शब्दही माझा नव्हता.

तुकोबा : काकूनं त्या ओळींचं काय केलं?

ती : वहीत उतरवल्या. देवघरात ठेवल्या.

तुकोबा : मग दुखतंय कुठे? माझे शब्द तरी माझे कुठे आहेत? साळुंकीला शिकवणारा वेगळा, हे मी सांगून ठेवलंय.

ती : तुम्हाला देवानं बोलतं केलं. याला माणसांनी केलंय.

तुकोबा : कुठल्या माणसांनी?

ती : सगळ्यांनीच. जे जे कुणी लिहून ठेवलं ते त्यानं वाचलंय. तुमचे अभंगही असतील त्यात.

तुकोबा : म्हणजे संतांची उत्तरं त्यानंही पाठ केली.

ती : तुम्ही ती विश्वासानं केलीत, आदरानं केलीत.

तुकोबा : ते मी केलं. तू काय केलंस?

ती : मी पाठवलं.

तुकोबा : नंतर गेलीस काकूकडे?

ती : सुट्टी मिळाली नाही.

तुकोबा : माझ्या घरात बायको अन्न अन्न करत गेली. तेव्हा कुणी चार शब्द बोललं असतं तर ते कुठून आणलेस, असं मी विचारलं नसतं. बसला का थोडा वेळ, एवढं पाहिलं असतं.

ती : म्हणजे शब्द कुणाचेही चालतात?

तुकोबा : मजुराच्या डोक्यावरही धन असतंच, बाई.

ती : यात मजूर कोण मग? यंत्र, की मी?

हा तुकडा कसा चालतो ते पाहा. ‘भार धन वाही मजुरीचें’ ही ओळ आपण यंत्रासाठी राखून ठेवली होती. संवादात ती बाईवर येऊन पडली, आणि तिने ती स्वतःच उचलली. तुकोबांनी तिला दोष दिला असता तर सगळं सपाट झालं असतं. बायकोबद्दलच्या वाक्यात पहिला भाग गाथेतला आहे, पुढचा माझा कल्पित आहे; वहीत त्यांच्या शाईचा रंग वेगळा राहील. कल्पित भाग मूळ भागाच्या बाहेर फार लांब गेला का, हे तपासायची सोय त्यामुळे होते. इथे तो गेलेला नाही असं मला वाटतं, कारण त्या अभंगात दुःख सांगताना तुकोबा कुठेही शब्दांची तक्रार करत नाहीत. कुणाला वेगळं वाटलं तर त्याने अभंग उघडून माझ्याशी वाद घालावा. त्यासाठीच हे लिहायचं.

आता काकूच्या बाजूने एक प्रश्न अजून आलेला नाही. ती वही देवघरात ठेवणारी काकू काय म्हणेल? खरं कळलं तर ती वही काढून टाकेल का? पुढचा भाग तुम्ही इथून लिहून पाहा.

पायरी ८ : यंत्राकडूनच लिहून घेतलं तर?

हा प्रश्न येणारच. ‘तू संत तुकाराम आहेस, माझ्याशी बोल’ असं यंत्राला सांगता येतं, आणि ते बोलतंही. सराव म्हणून एकदा करून पाहा, पण पायरी ३ झाल्यावरच. तुमच्या वहीत दोन रंगांची पानं भरलेली असतील तर यंत्राचे तुकोबा कुठे गुळगुळीत झाले ते लगेच दिसेल. ते सहसा समजुतीचं बोलतात, दोन्ही बाजू मान्य करतात आणि शेवटी सल्ला देतात. भांडत नाहीत.

त्याने दिलेली प्रत्येक अवतरणातली ओळ गाथेत शोधा. ही यंत्रं नसलेली ओळही पूर्ण आत्मविश्वासाने, छंदाच्या जवळ जाणारी, खाली ‘तुका म्हणे’ लावून देऊ शकतात. गाथेत सापडली नाही ती ओळ खोडायची, कितीही आवडली तरी.

यंत्राचा खरा उपयोग मला एका ठिकाणी दिसतो : त्याला विचारणाऱ्याच्या जागी बसवा. तुमचा पूर्ण खर्डा द्या आणि सांगा, या तुकोबांना अडचणीत आणणारे प्रश्न काढ. दहांतला एखादा चांगला निघतो. उत्तर मात्र गाथा उघडून तुम्हीच शोधायचं.

पायरी ९ : दाखवण्याआधी

दोन माणसांनी दोन आवाजांत मोठ्याने वाचा. दोघांचं बोलणं अदलाबदल करूनही चाललं, तर आवाज वेगळे झालेले नाहीत. परत पायरी ३ कडे.

मग खर्डा अशा एका माणसाला द्या ज्याच्या घरी गाथा रोज वाचली जाते. वारकरी, कीर्तनकार, गावातल्या मंदिरात हरिपाठ म्हणणाऱ्या आजी, कुणीही चालतील. ‘तुकोबा असं म्हणाले नसते’ असं ते कुठे म्हणतात ते ऐका, आणि लगेच स्वतःची बाजू मांडू नका. कोणत्या अभंगामुळे तसं वाटलं ते विचारा. बहुधा तुम्ही न वाचलेला एक अभंग मिळेल, आणि संवादाचा एखादा तुकडा नव्याने लिहावा लागेल.

शीर्षकाखाली ‘काल्पनिक संवाद’ हे शब्द ठळक टाका, आणि गाथेतल्या ओळी कोणत्या ते अवतरणचिन्हांनी दाखवा. कुणी अर्धाच भाग उचलून पुढे पाठवला तरी खरं काय ते कळायला हवं.

एक संवाद पूर्ण झाला की पुढच्यासाठी काही जोड्या सुचवतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्या माणसांनी उतरवून ठेवली आणि १९५२ साली, त्यांच्यामागे, पुस्तकरूपाने आली. आवाज ऐकून मजकूर उतरवणाऱ्या फोनबद्दल त्यांना विचारण्यासारखं खूप आहे, आणि प्रश्न विचारायला त्यांच्या मुलाचं, सोपानदेवांचं पात्र योग्य होईल. मेरी शेलीच्या १८१८ मधल्या ‘फ्रँकेनस्टाइन’मधला जीव चोरून एका कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो आणि मग सापडलेली पुस्तकं वाचून स्वतःविषयी विचार करायला लागतो, मजकुरावर वाढलेल्या यंत्राशी बोलायला त्याच्याइतका लायक जुन्या साहित्यात दुसरा कुणी मला दिसत नाही. ही जोडी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या संवादापर्यंत राखून ठेवा. तिथे दोन्हीकडे माणूस नाही, आणि माणसाची बाजू वाचकालाच उचलावी लागते.